डॉ. शिरोडकर : अवयव राखणारा शल्यविशारद

काही व्याधींनी माणूस मरत नाही. म्हणूनच त्यांची दखल घेण्याची निकड समाजाला वाटत नाही. अंग बाहेर येणे किंवा पिशवी खाली सरकणे, अशा दबक्या शब्दांत ज्याचा उल्लेख होतो ते स्त्रियांचे दुखणे या जातीचे आहे. नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत ते अपरिचित आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. तथापि त्याविषयी घरात बोलले जात नाही. सुईणीला किंवा जावेला सांगून बाई वर्षानुवर्षे ते अंगावर काढते. आणि अखेर दवाखान्याची पायरी चढलीच, तर पिशवी काढून टाकण्याचा एकच सल्ला पुष्कळदा तिच्या पदरी पडतो. याहून वेगळा मार्ग असू शकतो, हे गेल्या शतकाच्या मध्यास ज्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर दाखवून दिले, त्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांच्या चरित्राकडे म्हणूनच पुन्हा वळून पाहणे अगत्याचे आहे.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा या गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगिजांचा अंमल होता. शालेय शिक्षण हुबळीस झाल्यावर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये ते पदवीधर झाले, १९२७ मध्ये प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या विषयांत त्यांनी एम.डी. ही पदवी मिळविली आणि १९३१ मध्ये इंग्लंडला जाऊन एफ.आर.सी.एस. संपादन केली. पुढे जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज हेच त्यांचे कार्यक्षेत्र बनले व तेथे ते या विषयाचे प्राध्यापक झाले. विलायतेत शिकून आलेल्या त्या पिढीतील अनेकांनी तेथील शस्त्रक्रिया येथे निष्ठेने केल्या. शिरोडकरांचे वेगळेपण हे की, त्या शस्त्रक्रिया आपल्याकडील स्त्रीला कितपत उपयोगी पडतात, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

या प्रश्नाचे मर्म ध्यानी येण्यासाठी मूळ दुखणे समजून घेतले पाहिजे. गर्भाशय ओटीपोटात अधांतरी नसते. काही बंध त्याला बाजूंनी व पाठीमागून धरून ठेवतात आणि खालून स्नायूंची झोळी त्याला आधार देते. अवघड व लागोपाठची बाळंतपणे, बाळंतिणीला विश्रांती न मिळता तिच्या डोक्यावर पुन्हा चढणारा भार, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढते वय या कारणांनी हे बंध सैल होतात आणि गर्भाशय खाली उतरते. त्याच्यासोबत पुढून मूत्राशय वा मागून गुदाशयही ओघळू शकते. क्वचित एकही बाळंतपण न झालेल्या तरुणीतही जन्मजात दुबळ्या बंधांमुळे हे घडते.

पाश्चात्य शल्यशास्त्राजवळ यावर दोन प्रमुख उपाय होते. एक, योनिमार्गे गर्भाशय काढून टाकून सैल भाग शिवून घेणे. दुसरी मँचेस्टर शस्त्रक्रिया. ती डोनाल्ड यांनी १८८८ मध्ये सुरू केली आणि पुढे फॉदरगिल यांनी तीत सुधारणा केली. तीत गर्भाशय राहत असे, परंतु त्याचे मुख कापले जाई. मुलेबाळे होऊन गेलेल्या प्रौढ स्त्रीला यांपैकी कोणताही उपाय चालण्यासारखा होता. पण आपल्याकडे विवाह लवकर होत आणि तरुण वयातच हे दुखणे घेऊन येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असत. अशा स्त्रीचे गर्भाशय काढणे म्हणजे तिचे मातृत्व संपविणे होय. आणि मुख कापावे, तर पुढे गर्भ न टिकण्याचा किंवा प्रसूती अडण्याचा धोका. मूल न होणाऱ्या बाईला आपला समाज कसे वागवतो, हे सांगावयास नको.

शिरोडकरांनी या पेचातून दोन वाटा काढल्या. पहिलीत त्यांनी मँचेस्टर शस्त्रक्रियेतील गर्भाशयमुख कापण्याचा भागच वगळला. गर्भाशयाला मागे त्रिकास्थीशी जोडणारे बंध मुखाजवळून सोडवून त्यांनी ते पुढच्या बाजूस आणून शिवले. त्यामुळे मुख शाबूत राहूनही गर्भाशय वर व मागे ओढले जाई. दुसरी वाट ज्यांचे मूळ बंधच कुचकामी आहेत अशा तरुणींसाठी होती. पोट उघडून एका पट्टीच्या साहाय्याने गर्भाशयाची मान पाठीमागे कण्याच्या खालच्या टोकाकडील हाडावरील बळकट पडद्याला बांधावयाची. ही शस्त्रक्रिया कौशल्याची कसोटी पाहणारी आहे, कारण मूत्रवाहिनी, मोठ्या रक्तवाहिन्या व आतडे हे सर्व तेथे हाताशीच असतात. शिरोडकरांची ही झोळी आजही स्त्रीरोगशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते. मुंबईतच पुरंदरे यांनीही पोटाच्या भिंतीतील पडद्याच्या पट्ट्या वापरून याच हेतूची निराळी शस्त्रक्रिया सिद्ध केली. विलायती पाठ्यपुस्तकांना ज्या रुग्णेचा विचार करण्याची फारशी गरज पडली नव्हती, तिच्यासाठी मुंबईच्या शल्यविशारदांनी हे शास्त्र पुढे नेले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

जगाने शिरोडकरांना ओळखले ते मात्र दुसऱ्या एका शोधामुळे. काही स्त्रियांचे गर्भाशयमुख कळा न येताच अकाली उघडते आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गळून पडतो. अशा मुखाभोवती टाका घालून ते आवळून धरण्याची पद्धत त्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. आरंभी त्यासाठी रुग्णेच्याच मांडीतील पडद्याची पट्टी ते वापरीत. शिरोडकर टाका हे नाव आज जगभरच्या प्रसूतिगृहांत उच्चारले जाते. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण देण्यात आले. त्याच वर्षी ७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याला एक समान सूत्र आहे : जो अवयव सावरता येतो, तो काढण्याची घाई करू नये.

या सूत्राची कसोटी आज मराठवाड्यात लागते आहे. शिरोडकर मुंबईत प्राध्यापक होते तेव्हा मराठवाडा निजामी राज्यात होता. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी येथील बाईला हैदराबाद दूर आणि मुंबई त्याहून दूर. १९५६ मध्ये औरंगाबादेस, पुढे अंबाजोगाईस, १९८८ मध्ये नांदेडला आणि नंतर लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली. अंतर कमी झाले. पण समज तेवढी वाढली काय? २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. चाळिशी न उलटलेल्याही त्यांत अनेक होत्या. त्या सर्वांना हेच दुखणे होते असे नाही. अंगावरून जाणे, पोटदुखी अशीही कारणे होती. परंतु किरकोळ तक्रारीवर गर्भाशय काढणे हाच रामबाण उपाय मानण्याची वृत्ती त्यातून उघड झाली. सोबत बीजकोशही काढले गेले, तर ऐन तारुण्यात पाळी कायमची थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. मोळीचा भार डोक्यावरून उतरत नाही तो नाहीच.

याचा अर्थ गर्भाशय काढणे नेहमीच अनुचित, असा नव्हे. वय झालेल्या स्त्रीस ते हितावह ठरू शकते. दुखणे सौम्य असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम किंवा आत बसविण्याची आधारकडी यांवरही भागते. कोणतीही शस्त्रक्रिया केली, तरी खरी परीक्षा तिच्यानंतरच असते. लघवीची नळी एक-दोन दिवसांत निघते, टाके भरून येतात. पण आतील बंध पक्के व्हावयास दीड ते तीन महिने लागतात. या काळात घागर, सरपणाची मोळी, ओझ्याची पाटी उचलता कामा नये. शौचास कुंथावे लागू नये. खोकल्यावर वेळीच उपचार व्हावेत. निदान सहा आठवडे पतिपत्नींनी संयम पाळावा. ताप, रक्तस्राव किंवा लघवी अडणे यांपैकी काही दिसताच रुग्णालय गाठावे. एवढे पथ्य पाळूनही काहींना दुखणे उलटते; न पाळल्यास उलटण्याचा संभव अधिक.

आणि हे पथ्य बाईच्या एकटीच्या हाती नसते. तीन महिने पाणी कोणी भरावयाचे, रोजगार बुडाला तर चूल कशी पेटावयाची, हे प्रश्न घराचे व समाजाचे आहेत. शिरोडकरांनी आपल्या कौशल्याने जे सावरून धरले, ते टिकविण्याचे काम त्या बाईच्या नवऱ्याचे, सासूचे, मुकादमाचे आणि शासनाचे आहे. गावात ज्याचा शब्द ऐकला जातो अशा शिक्षकाने, रुग्णालयात ज्याच्या टेबलाशी बाई प्रथम येते अशा कारकुनाने आणि उद्या डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एवढे जाणून असावे की, पिशवी काढा असा सल्ला मिळालेल्या बाईला दुसरा उपाय कोणता, हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि त्याचे उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.