विश्लेषण : चर्चच्या उपासनेत अभंग आणणारे रेव्हरंड टिळक कोण होते?

विश्रामबाग (सांगली) : बायबलमधील स्तोत्रे नव्या चालींत बांधून म्हणण्याकडे तरुणांचा ओढा आहे. गिटार, कीबोर्ड आणि पडद्यावर झळकणारे शब्द, अशी ही नवी उपासना. प्राचीन प्रार्थना आजच्या भाषेत आणि आपल्या सुरात म्हणायची कशी, हा प्रश्न मात्र नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यापुढे होता. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी शेजारच्या साताऱ्यात याच ध्यासात काढली.

स्तोत्रे मराठीत गाणे अवघड का?

बायबलच्या ‘स्तोत्रसंहिता’ या ग्रंथात १५० स्तोत्रे आहेत. त्यात स्तुती, विलाप, पश्चात्ताप, तक्रार आणि आभार असे सारे काही येते. मूळ हिब्रू काव्यात आपल्यासारखे यमक नाही. पहिल्या चरणात सांगितलेली गोष्ट दुसऱ्या चरणात वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगायची किंवा पुढे न्यायची, ही त्याची रीत. त्यामुळे स्तोत्र गायचे तर प्रत्येक भाषेला आपला छंद शोधावा लागतो. १६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चने छंदोबद्ध स्तोत्रे स्वीकारली. १७१९ मध्ये आयझॅक वॉट्स यांनी ती इंग्रजीत नव्याने रचली.

ही परंपरा घेऊन अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. सुरुवातीची अनेक मराठी गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. इंग्रजी चाल शब्दाच्या आघातावर चालते, तर मराठी पद्य अक्षरे आणि मात्रा मोजते. साहजिकच ऱ्हस्व अक्षर ताणले जाई, दीर्घ अक्षर आखडे. शब्द मराठी, पण कानाला परके, अशी ही गीते होती.

टिळक या वाटेला कसे आले?

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. कवितेची गोडी त्यांना आईकडून लागली, पण ती लवकरच वारली. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे ते संस्कृत शिकले. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई. पुढे कीर्तन, पुराण, शिक्षकी, संपादन असे नाना उद्योग करत ते गावोगाव फिरले. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत काय होती?

आप्त दुरावले, जातीने पाठ फिरवली आणि घर मोडले. लक्ष्मीबाई मुलगा दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहू लागल्या. त्यातला काही काळ त्यांनी पंढरपुरात काढला. नवऱ्याची ओढ आणि सोवळ्याओवळ्याचे संस्कार यांत त्यांची ओढाताण झाली. काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने केला, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

दुसरी अडचण नव्या घरातली होती. धर्म बदलला म्हणजे भाषा, पोशाख, गाणे हेही बदलायचे का? टिळकांचे उत्तर ठाम नकाराचे होते. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानत. मिशनच्या पगारावर आणि परदेशी रीतीवर उभे असलेले चर्च या मातीत रुजेल का, याची त्यांना चिंता होती.

त्यांनी नेमके काय बदलले?

ख्रिस्ती आशय मराठी छंदात आणणारे टिळक पहिले नव्हेत. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले होते. नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले होते. टिळकांनी ही वाट रोजच्या उपासनेपर्यंत नेली.

स्तोत्रांचे ओळीला ओळ भाषांतर करण्यापेक्षा देवाशी थेट, लडिवाळ, प्रसंगी हट्टाने बोलण्याचा सूर त्यांनी मराठीत आणला. त्यासाठी अभंग तयारच होता. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे. ओळी आखूड असल्याने निरक्षरालाही पाठ होतात. ध्रुपद सगळ्यांनी मिळून उचलायचे असते. १३६व्या स्तोत्रातही प्रत्येक ओळीनंतर एकच पालुपद येते, म्हणजे सामुदायिक गायनाची ही रीत स्तोत्रांनाही परकी नव्हती. टाळ, मृदंग, पेटीच्या साथीने भजन सुरू झाले की ऐकणाराही गाऊ लागतो.

साताऱ्यात काय घडले?

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही येथे जागा होती. अट एकच, ख्रिस्ताला गुरू मानण्याची. साठीकडे झुकलेल्या, प्रकृती ढासळलेल्या माणसाने निश्चित उत्पन्न सोडणे ही मोठी जोखीम होती आणि तिची झळ घरालाही बसणार होती. त्यांना त्यानंतर दोनच वर्षे मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही.

मग उरले काय?

गीते उरली. मराठी चर्चच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. ख्रिस्तचरित्रावरील ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी अर्ध्यावरही नेले नव्हते. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे ६४ अध्याय रचून ते पुढे नेले.

आज स्तोत्रांना नव्या चाली लावणाऱ्यांपुढे टिळकांचाच पेच आहे. बाहेरची तयार चाल घेऊन तीत मराठी शब्द कोंबायचे, की मराठीच्या चालीने चालायचे? टिळकांनी दुसरी वाट धरली. त्यांची संस्था लवकर विस्कटली, पण भजने लोकांच्या तोंडी राहिली. त्यांची निवड बरोबर होती का, याचे उत्तर त्यात मिळते.