सवाई गंधर्वांची मेहनत

हुबळीजवळील कुंदगोळ येथे १८८६ साली जन्मलेले रामभाऊ कुंदगोळकर पुढे सवाई गंधर्व या नावाने कीर्तिमान झाले. बालपणीचा त्यांचा गोड आवाज वयात येताच फुटला व जड झाला. गायकास याहून मोठे संकट ते कोणते? परंतु गुरू अब्दुल करीम खाँ यांच्या कडक शिस्तीत अविश्रांत मेहनत करून त्यांनी तो पुन्हा वळविला.

सारेग, रेगम, गमप असे क्रमाने चढावयाचे व तसेच उतरावयाचे, हा साधा पलटा. हुबळीहून आगगाडीने शिकावयास येणाऱ्या गंगूबाई हनगल यांच्याकडून ते एकेक पलटा निर्दोष होईपर्यंत घोटून घेत. भीमसेन जोशी हेही त्यांचेच शिष्य. १९५२ साली ते निवर्तले. आवाज ही ईश्वरी देणगी खरी. पण गळा घडतो तो मेहनतीनेच, हे त्यांच्या चरित्रावरून कळते.