झारदरबारचा जवाहिऱ्या

दागिन्याचे मोल हिऱ्यांच्या वजनावरून ठरविण्याची सराफी रीत कार्ल फॅबर्जे यांना मान्य नव्हती. त्यांच्या लेखी कारागिरीला सोन्याहून अधिक किंमत होती.

३० मे १८४६ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे फ्रान्समधील, धर्मछळामुळे परागंदा झालेले. वडील गुस्ताव यांनी १८४२ मध्ये राजधानीत लहानशी पेढी थाटली होती. जर्मनीत उमेदवारी करून परतलेल्या कार्ल यांनी हर्मिटेज संग्रहालयातील प्राचीन सुवर्णालंकारांची दुरुस्ती विनामोबदला केली. त्यांच्या नजरेला वळण लागले ते तेथेच.

१८८५ च्या ईस्टरला झार तिसरा अलेक्झांडर याने सम्राज्ञी मारियासाठी त्यांच्याकडून एक अंडे घडवून घेतले. वरून पांढरे, साधे मीनाकाम. उघडले की सोन्याचा बलक आणि बलकात सोन्याची कोंबडी. पुढे ही प्रथाच पडली. १९१६ पर्यंत अशी पन्नास अंडी राजघराण्यात पोहोचली. १९०० सालच्या अंड्यात तर किल्ली दिली की धावणारी सोन्याची आगगाडी होती!

यांतील बहुधा एकही फॅबर्जे यांनी स्वहस्ते घडविले नाही. कल्पना आणि पारख त्यांची. हात मात्र मिखाईल पर्खिन, हेन्रिक विगस्ट्रॉम यांसारख्या कारागिरांचे. पर्खिन तर शेतकरी कुटुंबातला. पेढीच्या नावासोबत घडविणाऱ्याची आद्याक्षरेही वस्तूवर उमटविली जात. १९१३ चे विख्यात हिवाळी अंडे आल्मा पील या अवघ्या पंचविशीतील तरुणीच्या कल्पनेतून साकारले. मालकाचा हा मोठेपणा विरळाच म्हणायचा.

महायुद्धात याच कार्यशाळांतून तोफगोळ्यांची कवचे निघू लागली. १९१६ चे एक अंडे पोलादी होते, चार तोफगोळ्यांवर उभे केलेले. १९१७ मध्ये क्रांती झाली आणि १९१८ मध्ये पेढी सरकारजमा झाली. फॅबर्जे रीगा, जर्मनी असे करीत स्वित्झर्लंडला पोहोचले आणि २४ सप्टेंबर १९२० रोजी लोझान येथे निर्वासित म्हणून निवर्तले.

अनेक अंडी सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी विकून टाकली. १८८७ चे एक अंडे अमेरिकेतील मोडीच्या व्यापाऱ्याने वितळविण्याच्या हेतूने सुमारे चौदा हजार डॉलरना घेतले होते. सोन्याच्या वजनाच्या हिशेबात तेवढे पैसे सुटेनात, म्हणून ते त्याच्याकडेच पडून राहिले. त्याची खरी ओळख २०१४ मध्ये जगासमोर आली.