पाणी कढत नाही ना?

बाळाला न्हाऊ घालायच्या आधी आपण सगळ्याच जणी पाण्यात हात घालून बघतो. कढत तर नाही ना? इतकी रोजची गोष्ट की आपण ती करतो हेसुद्धा लक्षात राहत नाही. मेरी कॅसॅट या चित्रकर्तीनं मात्र नेमकं तेच चित्रात आणलं. पिवळ्या नक्षीदार कपड्यातली एक बाई टबाशी बसली आहे. एका हातानं उघडं बाळ सावरलंय आणि दुसरा हात पाण्यात आहे. बस, एवढंच. मागे ना खोली, ना खिडकी, ना सावली.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे चित्र जपानीच वाटलं. प्रत्यक्षात ते पॅरिसमध्ये, एका अमेरिकन बाईच्या हातून झालेलं. ही बाई जपानला कधी राहिली नाही. मग हे कसं झालं? त्यासाठी तिचं आयुष्यच बघावं लागतं.

मेरीचा जन्म २२ मे १८४४चा, पेनसिल्व्हेनियातला. घर खाऊनपिऊन सुखी. लहानपणी काही वर्षं युरोपात गेली. सोळाव्या वर्षी ती फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत शिकू लागली, पण तिथे मुलींना जिवंत मॉडेल समोर बसवून नग्न देहाचा अभ्यास करता येत नसे. प्लास्टरचे पुतळे बघून चित्रं काढा म्हणायचे. मुलीनं हौस म्हणून रंग हाताळले तर चालेल, पण त्यावर पोट भरायचं म्हणजे काय? वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. पुढे त्यांनी घरखर्च उचलला, पण रंग, कॅनव्हास आणि स्टुडिओचा खर्च तिनं स्वतःच्या चित्रांतून काढायचा, ही अट होती.

१८६६ साली ती पॅरिसला गेली. तिथली सर्वांत नावाजलेली कलासंस्था म्हणजे ‘एकोल द बोझार’. पण तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. तो मिळाला थेट १८९७ मध्ये. मेरी खासगी शिकवण्या करून शिकली, लूव्र संग्रहालयात बसून जुन्या उस्तादांच्या नकला करत हात घडवला. १८६८ मध्ये ‘सलाँ’ या सरकारमान्य प्रदर्शनात तिचं चित्र लागलं. १८७७ साली मात्र तिथून तिची चित्रं परत आली. त्याच वर्षी एदगार देगा या चित्रकारानं तिला आपल्या इम्प्रेशनिस्ट मंडळींबरोबर चित्रं मांडायला बोलावलं. तिनं लगेच हो म्हटलं.

त्याच सुमारास आईवडील आणि मोठी बहीण लिडिया तिच्याकडे कायमचे राहायला आले. पुढचं आपल्याला सांगायला नको! आईची दुखणी, लिडियाचं मूत्रपिंडाचं आजारपण, घर आणि त्यातून उरलेल्या वेळात चित्रं. पुरुष चित्रकार कॅफेत, नाचघरात बसून चित्रं काढत. घरंदाज बाईला तिथे एकटीनं जायची सोय नव्हती. मग मेरीनं जे समोर होतं तेच काढलं. बागेत क्रोशानं विणणारी लिडिया, चहा पिणाऱ्या बायका, मांडीवरची मुलं. १८८२ मध्ये लिडिया गेली. त्यानंतर मेरीचं काम बरेच महिने अडखळत चाललं.

आता येऊ १८९० सालाकडे. जपाननं पाश्चात्त्य व्यापाराला दारं उघडली ती १८५०च्या दशकात. तेव्हापासून तिथली ठशांची रंगीत चित्रं युरोपात पोचू लागली होती. १८९०च्या वसंतात पॅरिसमध्ये अशा सातशेहून अधिक चित्रांचं प्रदर्शन भरलं. आणि कुठे भरलं बघा, त्याच ‘एकोल द बोझार’मध्ये! शिकायला जिथे पाऊल टाकता आलं नाही, तिथे मेरी आता नामवंत चित्रकर्ती म्हणून गेली. बर्थ मोरिसो या चित्रकार मैत्रिणीलाही तिनं आग्रहानं बोलावलं. वय पंचेचाळीसच्या पुढे, म्हणजे साधारण माझ्याच वयाची. या वयात बाई नवं काय शिकणार, असं आजही सहज म्हटलं जातं. मेरी मात्र तिथून परतली ती नवं तंत्र शिकायचंच ठरवून.

तिला ओढ लागली ती उतामारोसारख्यांच्या चित्रांची. आरशासमोर केस बांधणारी स्त्री, मुलाला घेतलेली आई. मोजक्या रेषा, सपाट रंग, कपड्यांवर बारीक नक्षी. पण जपानी चित्रात काम वाटलेलं असे. चित्रकार रेखाटन करी, दुसरा कारागीर लाकडावर कोरी, तिसरा छापी. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा, आपल्याकडे कापडावर ठशांची छपाई होते ना, साधारण तसंच.

मेरीनं लाकूड घेतलंच नाही. तिनं घेतला युरोपीय पद्धतीचा तांब्याचा पत्रा. त्यावर टोकदार सुईनं रेघा ओढायच्या. सपाट रंगासाठी पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून, तापवून चिकटवायची आणि पत्रा आम्लात धरायचा. पुडीच्या कणांमधून आम्ल पत्रा खातं आणि तिथे रंग धरून राहतो. मग चिंधीच्या बोळ्यानं एकेक रंग हातानं भरायचा, ओला कागद ठेवून यंत्रातून काढायचा. एका चित्राला असे दोन-तीन पत्रे. रेषेवर रेषा बसली नाही की कागद फुकट! लेरॉय नावाच्या छपाई कारागिराबरोबर ती दिवसाचे आठ-आठ तास राबे, आणि हाती येत आठ-दहा प्रती.

अशी दहा चित्रं झाली, प्रत्येकाच्या पंचवीस प्रती. पाकीट ओठांशी धरून चिकटवणारी बाई, मूल घेऊन ट्रामनं निघालेली आई, केस वर बांधणारी तरुणी. न्हाण्याचं चित्र सर्वांत आधीचं, म्हणून त्यात जपानी वळण जास्त. पुढच्या चित्रांत तिनं नक्कल सोडली. खोली आली, आरसा आला, खिडकी आली. जपानची रेष आणि पॅरिसचं घर एकमेकांत मुरलं.

यातलं शिंपीणबाई गिऱ्हाइकाच्या झग्याचा घेर नीट करतेय, ते चित्र मी आमच्या मंडळाच्या शिवणवर्गात दाखवलं. बायकांमध्ये वादच लागला. हे चित्र नक्की कुणाचं, उभी आहे तिचं की खाली बसलीय तिचं? एक मुलगी म्हणाली, ताई, खालचीच बघा, कामात किती गुंतलीय. मला तिचं पटलं. मेरीच्या बायका बघणाऱ्याकडे बघतच नाहीत, त्यांना सवड कुठे आहे? आणि त्या संचावर मेरीनं स्वतः लिहून ठेवलं की ही छपाई चित्रकर्तीनं आणि लेरॉय यांनी केली. कारागिराचं नाव तिनं गाळलं नाही.

१८९१ मध्ये पॅरिसच्या छापचित्रकारांच्या संस्थेनं परदेशात जन्मलेल्यांना आपल्या प्रदर्शनातून वगळलं. मेरीनं आणि तिच्यासारख्याच वगळलेल्या कामीय पिसारोनं शेजारच्याच दालनांत आपली चित्रं लावली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातल्या महिला भवनासाठी तिनं भलंमोठं चित्र केलं. ज्ञानाची फळं तोडून एकमेकींना देणाऱ्या मुली त्यात मधोमध होत्या. ते चित्र पुढे हरवलं.

तिनं लग्न केलं नाही. मधुमेह होता, मोतीबिंदू झाले, शस्त्रक्रियाही झाल्या, पण १९१४-१५च्या सुमारास काम थांबवावंच लागलं. तरी १९१५ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या मैत्रिणीनं, लुईझीन हॅवमायरनं, स्त्रियांच्या मताधिकाराच्या मदतीसाठी प्रदर्शन भरवलं तेव्हा मेरीची चित्रं तिथे होती. १९२० मध्ये अमेरिकेत बायकांना तो हक्क मिळाला. १४ जून १९२६ रोजी फ्रान्समधल्या आपल्या घरी ती वारली. शेवटची वर्षं जवळजवळ अंधारातच गेली.

ही दहा चित्रं आज वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, शिकागोच्या संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळांवरही दिसतात. दुपारी जरा वेळ मिळाला की मुलीला शेजारी बसवून जरूर बघा. चेहरे मागाहून बघा, आधी त्या बायकांचे हात बघा. पाण्यातला, केसांतला, बाळाच्या पाठीवरचा.