बर्ट मन्रो : वेगाचा साधक

जुनी मोटारसायकल विकून नवी घ्यावी, ही जगाची रीत. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल येथील बर्ट मन्रो यांनी मात्र १९२० साली घेतलेली एकच मोटारसायकल अर्धशतकाहून अधिक काळ जवळ ठेवली आणि ती पुन:पुन्हा स्वत:च्या हातांनी घडवली. ‘इंडियन स्काउट’ हे तिचे नाव. नावात ‘इंडियन’ असले तरी ती अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात तयार झालेली होती.

२५ मार्च १८९९ रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मन्रो यांना वेगाचे वेड लहानपणापासूनच होते. मूळ स्काउट ताशी जेमतेम ८९ किलोमीटर धावे. १९२६ पासून त्यांनी तिच्यात फेरबदल सुरू केले. गाठीशी पैसा नव्हता. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्री शेडमधले काम, असा त्यांचा क्रम होता. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नोकरीही सोडली. पत्र्याच्या जुन्या डब्यांचे साचे करून ते पिस्टन ओतत. सिलिंडर, फ्लायव्हील घरीच घडवत. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या आसाच्या पोलादातून कोरून काढले. मायक्रोमीटरची जागा चाकाच्या एका जुन्या स्पोकने घेतली होती.

असे इंजिन वारंवार फुटणे अटळ होते. मात्र प्रत्येक मोडतोडीतून कोणता भाग कुठे दुबळा आहे, हे त्यांना कळत गेले. निकामी झालेले भाग त्यांनी फेकले नाहीत. शेडमधील फळ्यांवर ते मांडून ठेवले आणि वेगाच्या देवतेला वाहिलेला तो नैवेद्य आहे, अशी पाटी वर लिहिली.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. तेथे विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धाव घ्यावी लागते आणि त्यांची सरासरी धरली जाते. १९६२ साली, वयाच्या ६३ व्या वर्षी, मन्रो यांनी तेथे ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. हृदयविकाराने त्यांना आधीच गाठले होते, तरी ते पुन:पुन्हा तेथे जात राहिले. १९६७ साली ६८ वर्षांचे मन्रो आणि ४७ वर्षांची स्काउट यांनी एक हजार सीसीखालील गटात ताशी २९५.४५ किलोमीटरचा विक्रम नोंदवला. ६०० सीसीचे मूळ इंजिन तोवर ९५० सीसीचे झाले होते.

६ जानेवारी १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ साली त्यांच्यावर माहितीपट केला होता. त्यांच्याच २००५ च्या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो साकारले आणि त्यांचे नाव जगभर पोचले.

२०१४ साली मन्रो यांच्या मुलाला १९६७ च्या नोंदीतील सरासरी चुकल्याचे आढळले. अमेरिकन मोटारसायक्लिस्ट असोसिएशनने ती दुरुस्त करून विक्रम ताशी २९६.२६ किलोमीटर असा नोंदवला. स्पोकने मापे घेणाऱ्या या कारागिराचे यंत्र चोख निघाले होते. चुकला होता तो कागदावरचा हिशेब.