स्वतःस दिलेले वचन : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र

दुसऱ्यास दिलेले वचन मनुष्य बहुधा पाळतो, कारण ते मोडल्यास लोकापवादाचे भय असते. स्वतःस दिलेल्या वचनाची गोष्ट निराळी आहे. त्यास साक्षीदार नसतो, त्याचा कागद होत नाही, आणि ते मोडले तर जाब विचारण्यास कोणी दारी येत नाही. म्हणूनच पाडव्यास केलेले निश्चय अक्षय्यतृतीयेपर्यंत पोहोचता पोहोचता थकून जातात. असे असता, घरापासून सहस्रावधी कोस दूर, परक्या देशात, पाहणारे आपले माणूस जवळ नसताना जिने स्वतःस दिलेले वचन अखेरपर्यंत पाळले, अशा एका तरुण स्त्रीचे चरित्र या अंकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे योजिले आहे. ती स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी होत.

आनंदीबाई आपणांस परक्या नाहीत. त्यांचे माहेर कल्याणचे. बदलापूरहून निघालेली गाडी अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके मागे टाकून ज्या कल्याणास पोहोचते, तेच हे कल्याण. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत आली, आणि १८५६ साली लोहमार्ग अंबरनाथ-बदलापूरवरून पुढे घाटाच्या पायथ्याकडे गेला. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, ३१ मार्च १८६५ रोजी, गणपतराव अमृतेश्वर जोशी यांच्या कुटुंबात या कन्येचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी उल्हासनगर नावाचे गावच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी झाली, फाळणीनंतर सिंधी निर्वासित बांधवांनी तेथे संसार मांडले, आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथचे शिवालय मात्र तेव्हाही आठशे वर्षांचे जुने होते.

घराणे एके काळी सधन होते, परंतु पुढे परिस्थिती खालावली. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते, आणि वधूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले गेले. पत्नीस शिकवीन, ही गोपाळरावांची लग्नाआधीचीच अट होती, असे चरित्रकार सांगतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे कर्तव्य आहे. स्मरणिकेतील चरित्रे कित्येकदा इतकी गोड होतात की त्यांतून काही शिकावयाचे उरत नाही. गोपाळरावांची स्त्रीशिक्षणाविषयीची तळमळ खरी होती. परंतु त्यांचा स्वभाव तापट व हेकट होता, आणि अभ्यास चुकला म्हणून त्यांनी त्या अजाण मुलीवर हात उगारल्याचेही नमूद आहे. सांगावयाचे तात्पर्य हे की, प्रारंभी शिक्षणाचा संकल्प आनंदीबाईंचा नव्हताच. तो पतीचा होता, आणि तिच्यावर लादलेला होता. लादलेल्या संकल्पाने मनुष्य काही काळ चालतो, परंतु समुद्र ओलांडीत नाही.

तो संकल्प त्यांचा स्वतःचा केव्हा झाला? वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. योग्य वैद्यकीय साहाय्य मिळते तर मूल वाचले असते, असे त्या मातेच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरापुढे आपले दुखणे सांगण्यापेक्षा ते अंगावर काढणे त्या काळच्या कुलीन स्त्रियांना बरे वाटे, आणि स्त्री डॉक्टर तर आपल्या लोकांत नव्हतीच. हे दुःख सोसलेल्या आनंदीबाईंनी आपण स्वतःच डॉक्टर व्हावयाचे असा निश्चय केला. पतीने दिलेला धडा संपला आणि स्वतःस दिलेले वचन सुरू झाले ते या ठिकाणी.

गोपाळरावांच्या बदल्यांमुळे हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर असे हिंडत राहिले. १८८० साली गोपाळरावांनी वाइल्डर नामक अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल काय, अशी पृच्छा केली. उत्तर आले ते असे की, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास विचार करता येईल. या जोडप्याने ती अट मान्य केली नाही. तो पत्रव्यवहार मात्र वाइल्डर यांच्या मासिकात छापला गेला, आणि न्यू जर्सी प्रांतातील रोसेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. कोण कोठची ही हिंदू मुलगी. पण तिची शिकण्याची इच्छा वाचून त्यांचे अंतःकरण द्रवले व त्यांनी आपण होऊन पत्र धाडले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. धर्माच्या अटीने जे दार बंद केले, ते माणुसकीने असे उघडले.

वाट दिसू लागली तरी अडचणी संपल्या नव्हत्या. आनंदीबाईंची प्रकृती नाजूक होती. ताप आणि डोकेदुखी पाठ सोडीत नव्हती. गोपाळरावांना बरोबर जाणे जमत नव्हते. परदेशगमन म्हणजे धर्मभ्रष्टता, अशी समजूत दृढ होती. त्यात विवाहित स्त्रीने पतीवाचून एकटीने जाणे म्हणजे कहरच. निंदेस ऊत आला. तेव्हा फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर सभेत इंग्रजीत भाषण केले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्ष चालू होते. आपण अमेरिकेस का जातो, एकटी का जातो, जातिबहिष्काराचे भय वाटत नाही काय, या आक्षेपांना त्यांनी एकेक करून शांतपणे उत्तर दिले, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ व आपल्या लोकांत राहू, असे सर्वांसमक्ष सांगितले. मनातील संकल्पाला त्यांनी सभेचा साक्षीदार दिला. परंतु तो पाळावयाचा होता साक्षीदारांच्या दृष्टीआड.

माहेरच्या सोन्याच्या बांगड्या विकून प्रवासखर्चाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजावर चढल्या. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या, आपले माणूस कोणी नव्हते. ४ जून रोजी न्यूयॉर्क बंदरात उतरल्या तेव्हा कार्पेंटर बाई त्यांना न्यावयास आल्या होत्या. फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हानिया स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. प्राचार्या रेचेल बॉडली यांनी त्यांची कळकळ जाणली, आणि तीन वर्षांकरिता सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मंजूर झाली.

आता वचनाची खरी परीक्षा होती. तिकडील हिवाळा बर्फाचा, जेवण मांसाहारी, पोशाख निराळा. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. अभ्यासाचा भार सांभाळून त्या स्वतःचा स्वयंपाक स्वतः करीत. त्यांच्या खोलीतील शेगडी नीट चालत नसे. पेटविली तर धूर कोंडे, न पेटविली तर थंडी हाडांत शिरे. अंगावर साडी, कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र हे तसेच राहिले. मात्र येथे एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे. नऊवारी नेसणीत पोटऱ्या उघड्या राहतात व थंडी बाधते, असे दिसून आल्यावर त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. वचन होते ते आपला वेष न टाकण्याचे, काष्ट्याचे नव्हे. व्रताचे मर्म कोणते आणि बाह्यांग कोणते, हे त्यांनी विवेकाने ठरविले, आणि बाह्यांग बदलताना मर्मास धक्का लागू दिला नाही. हट्ट आणि निग्रह यांत जो भेद आहे तो हाच.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या आद्य भारतीय स्त्रियांत त्यांचे नाव लागले. त्याच वर्षी बंगालच्या कादंबिनी गांगुली यांनीही कलकत्त्यास वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागा देऊ केली, व ती आनंदीबाईंनी स्वीकारली.

परंतु शरीर खचले होते. क्षयाने त्यांना ग्रासले होते. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस पोहोचल्या त्या रुग्ण होऊनच. पुण्यास औषधोपचार चालले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यास महिना उरला असता, त्यांचे देहावसान झाले. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठविण्यात आली, आणि न्यूयॉर्क प्रांतातील पकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ती ठेवली गेली. माहेर कल्याणचे, आणि विसाव्याची जागा ती!

वाचकाच्या मनात येथे एक प्रश्न उभा राहील, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतक्या कष्टाने मिळविलेल्या विद्येचा उपयोग कोल्हापूरच्या एकाही रुग्णेस झाला नाही. मग त्या वचनपालनाचे फलित काय? आहार थोडा बदलला असता, ऊबदार पोशाख केला असता, तर प्राण वाचले असते काय? क्षयावर त्या काळी खात्रीचे औषध कोठेच नव्हते, आणि दुखण्याचे मूळ हिंदुस्थानातच असल्याचे त्यांच्या आधीच्या प्रकृतीवरून वाटते. तथापि त्या कष्टांनी देह झिजला असेल, हे नाकारता येत नाही. प्रस्तुत लेखकाचे नम्र मत असे की, आनंदीबाईंचा गौरव त्यांनी देह झिजविला म्हणून नव्हे. आजचा कोणी विद्यार्थी प्रकृतीची हेळसांड करून निश्चय पाळू म्हणेल, तर त्याने या चरित्राचा अर्थ उलटा घेतला असे म्हणावे लागेल. गौरव याचा की, सोपा मार्ग समोर असता, तो घेतल्याचे कोणास कळणारही नसता, त्या आपल्या शब्दाशी खोट्या झाल्या नाहीत. आणि फलित म्हणाल, तर वाट पाडणाऱ्याचे फलित त्या वाटेने मागून येणाऱ्यांच्या पावलांत मोजावे. १८९४ साली डॉ. रखमाबाई विलायतेहून वैद्यकीय शिक्षण पुरे करून परतल्या, आणि त्यांनी दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. पुढे ती पायवाट राजमार्ग झाली.

आज आपल्या ज्ञातीतील मुली सकाळच्या गर्दीच्या लोकलने वैद्यकीय, परिचर्या व तंत्रविद्येच्या शिक्षणास जातात. काही परदेशीही जातात. मंडळ त्यांना नारळ व शाल देऊन निरोप देते, ते उचितच आहे. मात्र पालकांनी गोपाळरावांच्या चरित्रातून एवढे घ्यावे की, आपला संकल्प मुलांच्या माथी मारता येतो, पण तो त्यांच्याकडून निभावून घेता येत नाही. तो त्यांच्या अंतःकरणात त्यांचाच म्हणून उगवावा लागतो. मुलामुलींनी आनंदीबाईंकडून हे घ्यावे की, निश्चय थोडे करावेत, करण्याआधी त्यांचे मर्म ओळखावे, एकदा तरी विश्वासाच्या माणसांपुढे ते उच्चारावेत, आणि मग कोणी पाहत नसताना ते पाळावेत. शेजारच्या कल्याणातील एका कन्येस हे साधले. तिच्या मागून दीडशे वर्षांच्या सोयी हाती असलेल्या आपल्या पिढीस ते का साधू नये? परमेश्वर सर्वांस तशी बुद्धी व आरोग्य देवो, एवढी प्रार्थना करून हे चरित्र येथेच पुरे करितो.