पॉल झॅमेक्निक

पॉल चार्ल्स झॅमेक्निक (२२ नोव्हेंबर १९१२ – २७ ऑक्टोबर २००९) हे अमेरिकन वैद्यकीय शास्त्रज्ञ होते. प्रथिननिर्मितीवरील संशोधन आणि डीएनएच्या लहान तुकड्यांनी जनुकाची अभिव्यक्ती रोखण्याचे 'अँटिसेन्स' तंत्र यांसाठी ते ओळखले जातात.

जीवन व आरंभीचे संशोधन

झॅमेक्निक यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे झाला. १९३६ मध्ये त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये त्यांनी उंदरांच्या यकृतातील पेशी फोडून, किरणोत्सारी अमिनो आम्लांच्या साहाय्याने प्रथिने कशी तयार होतात याचा माग घेतला. १९५० च्या दशकात माहलॉन होगलंड यांच्यासमवेत त्यांनी अमिनो आम्ले वाहून नेणाऱ्या आरएनएचा (टीआरएनए) शोध लावला.

अँटिसेन्स तंत्र

जनुकातील माहिती संदेशवाहक आरएनएमार्फत प्रथिनापर्यंत पोहोचते. या आरएनएच्या एखाद्या भागाशी पूरक असा लहान डीएनए तुकडा त्याला जोडला गेला, की प्रथिननिर्मिती थांबते. १९७८ मध्ये झॅमेक्निक आणि मेरी स्टीफन्सन यांनी १३ न्यूक्लिओटाइडांचा असा तुकडा वापरून कोंबडीच्या भ्रूणपेशींतील राउस सार्कोमा विषाणूची वाढ रोखली.

मात्र ही कल्पना अनेक वर्षे उपेक्षित राहिली. असे तुकडे पेशीत शिरू शकतील यावर अनेकांचा विश्वास नव्हता; ते कृत्रिमरीत्या बनवणे कष्टाचे होते आणि पेशीतील विकरे त्यांचे लवकर विघटन करीत. हार्वर्डमधून निवृत्त झाल्यावर झॅमेक्निक यांनी वूस्टर फाउंडेशनमध्ये काम पुढे चालू ठेवले. १९८६ मध्ये त्यांनी एचआयव्हीवर हे तंत्र वापरले. १९८८ मध्ये भारतीय वंशाचे रसायनशास्त्रज्ञ सुधीर अग्रवाल यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या संशोधनात तुकड्यातील ऑक्सिजनच्या जागी गंधक असलेली, अधिक टिकाऊ रूपेही तपासली गेली.

सन्मान व वारसा

त्यांना १९९१ मध्ये राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९९६ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल पारितोषिक मात्र मिळाले नाही. १९९८ मध्ये एड्सग्रस्तांच्या डोळ्यांतील विषाणूसंसर्गावरील फोमिव्हिर्सेन हे पहिले अँटिसेन्स औषध अमेरिकेत मंजूर झाले. नव्वदी ओलांडल्यावरही ते संशोधनात मग्न होते. त्यांच्या निधनानंतर, २०१६ मध्ये, मेरुरज्जूजन्य स्नायुक्षय या बालकांना ग्रासणाऱ्या आनुवंशिक आजारावर नुसिनर्सेन हे अँटिसेन्स औषध मंजूर झाले.